पाठमोरी वस्ती

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत पोरं मला माघारी 'लवंगी मिरची' म्हणतात आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. जालन्यातल्या एका खाजगी शाळेत मी चित्रकला शिकवते. माहेर कुंभार पिंपळगावचं आणि सासर इथलंच, स्टीलच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या वस्तीतलं. वस्तीत निम्मी घरं आमची, बौद्धांची. उरलेली बरीचशी मेंढरं विकून शहरात आलेल्या धनगरांची. रस्त्याच्या एका टोकाला विहार, दुसऱ्या टोकाला बिरोबाचं लहानसं देऊळ आणि मधे पाण्याच्या टाकीच्या आवाराची लांबच लांब भिंत.

त्या भिंतीनं काय काय सोसलं होतं म्हणून सांगू! पानाच्या पिचकाऱ्या, निवडणुकीची चिन्हं, दातांच्या दवाखान्याची जाहिरात, आणि वरून कारखान्यांची काळी धूळ. एकदा विहाराची आणि देवळाची मंडळी एकत्र बसली आणि भिंत रंगवायची असं ठरलं. मला बोलावणं आलं. एक जण म्हणाला, "मॅडम, 'पाणी वाचवा' लिहू अन् एक नळ काढू." मी म्हणाले, "आठवड्यातून एकदा नळ येतो. वाचवायचं काय, डोंबल?" दुसऱ्याला उगवता सूर्य आणि नारळाची झाडं हवी होती. जालन्यात नारळाची झाडं! तिसऱ्याला पंख पसरलेला गरुड हवा होता. माझं डोकं सणकलं.

"आपल्यालाच काढू," मी म्हणाले. "या वस्तीत राहतात ती माणसं."

मग टेलर काका हळूच म्हणाले, "आम्हाला? भिंतीवर? आम्ही काय पुढारी हाव का?"

टेलर काका म्हणजे वस्तीतले सगळ्यात जुने रहिवासी. घनसावंगीकडच्या एका खेड्यातून तरुणपणी आलेले. सत्तरी कधीच ओलांडलीय, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतात आणि दहा लोकांना ते दाखवतात. ते असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी भिंतीपाशी हजर झाले, इस्त्रीचा सदरा घालून, मिशीला तेल लावून.

माझी कल्पना साधी होती. एखाद्या लग्नात सगळे मिळून फोटोला उभे राहतात तशी अख्खी वस्ती रस्त्याकडं तोंड करून उभी. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिनं सरळ डोळ्यांत बघावं. दोन ड्रमांवर फळी टाकली. सुतळीला नीळ लावून भिंतीवर रेघा मारल्या. प्रायमर मारला, तर सकाळी त्यावर काळा थर. फडक्यानं पुसायचं आणि मगच कामाला लागायचं, हे रोजचंच झालं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळं सकाळी सहा ते दहा मी भिंतीवर आणि दहानंतर घरी. नवरा म्हणायचा, "भिंतीशीच लग्न केलं असतंस." मी म्हणायचे, "भिंत उलटून बोलत नाही."

लोकांनी काय उच्छाद मांडला, बापरे! ज्याला त्याला आपलं तोंड चांगलं यायला हवं होतं. एक बाई नवी नथ घालून आली आणि म्हणाली, "नथ मोठी काढा, तोंड ऱ्हायलं तरी चालंल." रोलिंग मिलमधला एक जण म्हणाला, "मला जरा गोरा काढा." मी म्हणाले, "भट्टीसमोर उभा राहतोस, गोरा कसा दिसशील?" तो म्हणाला, "म्हणूनच म्हणून राह्यलो ना मॅडम, भिंतीवर तरी." मला हसू आलं आणि मी त्याला गोरा काढला. पंधरा दिवसांत तीस-पस्तीस चेहरे भिंतीवर आले. मी स्वतःवर खूश होते. चेहरा जमला म्हणजे माणूस जमला, असं माझं तेव्हा मत होतं.

आमच्या शेजारची मावशी या सगळ्यात कुठंच नव्हती. ती यायची, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभी राहायची, बघायची आणि जायची. धनगराची बाई, पंच्याहत्तरीच्या आसपासची, काटक, डोक्यावरचा पदर कधी ढळलेला मी पाहिला नाही. दारात दोन शेळ्या बांधलेल्या असायच्या आणि वस्तीतल्या पोरांपेक्षा त्यांचे लाड जास्त. लेक आणि सून बियाण्यांच्या गोदामात कामाला जायचे. चार दिवस ती नुसतीच बघत राहिली. पाचव्या दिवशी रस्ता ओलांडून आली आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघायला लागली, चिमणी बघते तशी.

"बाई, मेलेलं माणूस काढतीस का?"

"कोण मावशी?"

"आमचे मालक."

तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. तो या वस्तीत कधी आलाच नव्हता. तिकडं गावाकडंच तापानं गेला. मग मेंढरं विकली आणि लेकाच्या मागं ही शहरात आली. मी म्हणाले, "फोटो द्या, काढते की." तिनं कमरेची पिशवी सोडली आणि एक जुनं मतदान कार्ड काढलं. त्यावरचा फोटो म्हणजे नुसता काळा डाग. त्यातून माणूस सोडाच, माणूस आहे की मेंढा हेही कळलं नसतं.

"दुसरा?"

"दुसरा न्हाई. कोण फोटू काढतंय रानात?"

मी म्हणणार होते, मावशी, असं जमत नसतं. तोंडावर आलं होतं. पण तिनं पुढचं सांगितलं. तिला काचबिंदू होता. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर येत नाही आणि आहे तीही हळूहळू जाणार. "बाजूचं सगळं गेलं बघ," ती म्हणाली. हाताचा पंजा तिनं कानापासून पुढं पुढं आणला आणि नाकासमोर थांबवला. "मधलं एवढंच ऱ्हायलं, नळीतून बघावं तसं. तेबी जाईल. त्याच्या आत एकदा बघू दे मला. जल्दी कर."

मी वही काढली.

"नाक कसं होतं त्यांचं?"

"होतं की. बराबर होतं."

"बराबर म्हणजे? लांब, बसकं, टोकदार?"

"माणसासारखं होतं."

"डोळे?"

"दोन."

मी कपाळाला हात लावला. तिला चेष्टा करायची नव्हती हो. ती खरंच आठवत होती, डोळे मिटून, ओठ हलवत, आणि तिच्या हाती काही लागत नव्हतं. मला वाटलं, लाजतेय. आमच्याकडं बायका नवऱ्याबद्दल बोलायच्या म्हटलं की साठीतसुद्धा लाजतात. मग मी टेलर काकांना गाठलं. त्यांचं गाव आणि मावशीचं सासर शेजारी शेजारी, त्यांनी त्या माणसाची बंडी शिवलेली. काका एकदम खुलले. "गाल आत गेलेले, बरं का मॅडम. मिशी जाड, खाली वळलेली. हनुवटीला खड्डा. डोळे घारे, बिलकुल मांजरासारखे." मी काढत गेले, ते सांगत गेले. "कपाळ अजून बारीक करा. हां."

पहिलं चित्र मावशीला दाखवलं. तिनं कागद नळीतून बघावा तसा वर-खाली फिरवला. "चांगला हाय गं माणूस. पर कुणाचा हाय?"

दुसरं दाखवलं. तिसरं. पाचवं. दर वेळी तेच. मी रागावले तिच्यावर, खोटं कशाला बोलू. उन्हात बसून, काकांची बडबड ऐकून, खोडून खोडून मी कागद फाडत होते आणि ही म्हणते कुणाचा हाय! सातवं चित्र काढलं तेव्हा काकांचा आवाजच बदलला. ते मशीनवरून उठले, दोन्ही हातांनी कागद धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाच," ते म्हणाले. "आई शपथ, हाच. आता बोलंल असं वाटून राह्यलंय."

मी कागद घेऊन जवळजवळ पळतच मावशीकडं गेले. काकाही मागं. तिनं बघितलं. खूप वेळ बघितलं. काका म्हणाले, "अगं हाच की तुझा मालक!" तिनं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"असंल बाबा. तुम्ही म्हणता तर असंल."

आणि ती खाली बसली, दारातच, शेळ्यांच्या मधे. "चाळीस साल ऱ्हायले त्या माणसासंगं," ती म्हणाली, "अन् तोंड वळखंना मला. काय झालं गं मला? इसरले का मी त्यांना?" तिनं पदर तोंडात कोंबला. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना रडवलंय, शाळेत तर रोजच. पण त्या दिवशी मला स्वतःचा इतका राग आला की चित्र फाडून टाकावं वाटलं. तिनं माझ्याकडं नवरा मागितला होता आणि मी तिला दाखवून दिलं की तो तिच्याकडंही उरलेला नाही. दोन दिवस मी भिंतीकडं फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी तिला डोळ्यांत घालायचं औषध आणायचं होतं. लेक-सून कामावर, म्हणून मी म्हणाले, चला मी नेते. सकाळची नऊची वेळ. मोंढ्याच्या रस्त्यावर मोसंबीच्या गाड्या लागलेल्या, रिक्षावाले नुसते अंगावर येत होते. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं सोडवून घेतला. "तू चाल म्होरं. मी येते मागनं." मला वाटलं, ही पडणार. मी दर दहा पावलांना वळून बघायची. ती बरोबर चार पावलं मागं, एकसारखी, कुणाला न धडकता.

"सारखी वळू नको," ती ओरडली. "तू डाव्या पायावर जोर देतीस. टाच झिजली बघ चपलेची. अन् उजवा खांदा वर उचलतीस, पिशवी नसली तरी. रागात हायेस का?"

मी थांबले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मानंवरनं. राग आला की मान आखडतीस. भिंतीवर काम करताना मोकळी असती."

आमचं अठरा वर्षांचं शेजारपण. माझ्या नवऱ्याला माझा राग भांडी आपटल्यावर कळतो. भर रस्त्यात मी तिच्याकडं बघत राहिले. मागच्या रिक्षावाल्यानं शिवी दिली तेव्हा भानावर आले आणि तिला बाजूला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं.

"मावशी, तुम्ही मालकाच्या तोंडाकडं कधी बघायचात?"

"अगं बाई! तोंडाकडं कोण बघतंय? लाज न्हाई का?"

मग ती सांगायला लागली. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं ते मिरगापर्यंत परत यायचं नाही. सासू घोड्यावर बिऱ्हाड लादून आधीच पुढं गेलेली. मालक म्होरं, त्यांच्या मागं मेंढरं आणि सगळ्यात मागं ही, राहिलेलं कोकरू उचलायला. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, पदर नाकापर्यंत. जेवायला तो बसला की ही तव्याकडं तोंड करून. अंधार पडला की रानात दिवा नाही. असं एक साल नाही, दोन साल नाही, सगळा जन्म.

मला काय चीड आली! "चाळीस वर्षं मागं चालवलं तुम्हाला? आणि तुम्ही चाललात?" मी जवळजवळ किंचाळलेच. ती हसली. "अगं, मागं मी एकटी कुठं होते? मेंढरंबी होतीच की."

मी वही काढली. "पाठ सांगा," मी म्हणाले. "मागनं कसे दिसायचे ते सांगा."

आणि त्या बाईनं, जिला नवऱ्याचं नाक सांगता आलं नव्हतं, न थांबता सांगितलं. डोक्यावर मागं दोन भोवरे, म्हणून फेटा कायम उजवीकडं सरकलेला. डावा कान बाहेर आलेला, त्याची पाळी लहानपणीच्या बाळीनं फाटलेली. मानेवर तीन वळ्या, मधली सगळ्यात खोल, तिच्यात धूळ बसायची. घोंगडं डाव्या खांद्यावर. काठी मानेमागं आडवी आणि तिच्यावर दोन्ही मनगटं टाकलेली. उजवं कोपर डाव्यापेक्षा खाली. डाव्या पोटरीला कुत्र्यानं धरल्याची खूण, करंजीएवढी. पाय बाहेर फेकत चालायचे. टाचांना भेगा, उजवीला जास्त. रागात असले की घोंगडं घट्ट ओढून घ्यायचे. खुशीत असले की काठी एका हातात यायची. मला जल्दी ये म्हणायचं असलं तर वळायचे न्हाईत, काठी भुईवर दोनदा वाजवायचे. थोरली लेक गेली तव्हा सगळा दिवस चालले. "काठी मानंवर टाकली न्हाई त्या दिवशी. हात असे मोकळे सोडले होते बघ. कुणाचे तरी दुसऱ्याचेच हात असावेत तसे."

मी वीस वर्षं चित्रं काढतेय, पोरांना 'निरीक्षण करा, निरीक्षण करा' म्हणून घसा कोरडा करतेय, आणि असं बघणं मी कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं एका माणसाकडं बघून त्याचा कण न् कण साठवून ठेवला होता तिनं. आणि आम्ही दोघं शहाणे तिला त्याचं नाक विचारत होतो! भोवती मोंढ्याचा गोंगाट चालूच होता आणि मला त्या पायरीवर विहारात बसल्यासारखं वाटत होतं.

औषध घेतलं आणि घरी न जाता सरळ भिंतीपाशी आलो. दहा वाजून गेलेले, ऊन चढलेलं. मी खडू घेतला आणि मोकळ्या जागेत माणसाच्या उंचीचा तो काढायला लागले. भोवरे, कान, वळ्या, काठी. मावशी मागं लिंबाखाली उभी होती आणि मधूनमधून म्हणत होती, "कोपर खाली. अजून. बास." घोंगड्याची शेवटची रेघ मारली आणि मी फळीवरून उतरून बाजूला झाले.

ती रस्ता ओलांडून आली. भिंतीपासून चार पावलांवर थांबली. मग तिचे दोन्ही हात वर गेले आणि तिनं कपाळावरचा पदर झरकन नाकापर्यंत ओढला. वीस वर्षांत तसा पदर तिनं घेतला नसेल. पदराआडून ती चित्राला म्हणाली, "हां. चला."

रस्त्यावर तिथंच फतकल मारून मी रडले. टेलर काका मशीन सोडून धावत आले, त्यांना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी भिंतीकडं पाहिलं. "हा कोण?" ते म्हणाले. ज्याची बंडी त्यांनी शिवली, ज्याच्या चेहऱ्याची शपथ त्यांनी खाल्ली, तो त्यांना पाठीकडून ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी भिंतीवरचे सगळे चेहरे पांढऱ्या रंगानं पुसून टाकले.

काय गोंधळ झाला म्हणता! "आमची तोंडं पुसली!" नथवाली बाई तर दारात येऊन भांडली. रोलिंग मिलवाला दुःखानं म्हणाला, "मॅडम, एकदाच गोरा झाल्तो, तेबी तुम्हाला बघवलं न्हाई." मी म्हणाले, "दोन दिवस द्या. नाही आवडलं तर गरुड काढते, नारळाच्या झाडासकट." आणि मी टेलर काकांना पाठमोरं काढलं. मशीनवर वाकून वाकून पाठीला आलेला बाक, मानेवर टाकलेली माप घ्यायची पट्टी, सदऱ्याला खांद्यावर पडणारी ती एक तिरकी घडी. चेहरा नाही, काही नाही. काकू पाण्याची घागर घेऊन पलीकडून चालली होती. ती तिथंच थांबली आणि ओरडली, "अहो! तुम्ही भिंतीवर काय करून राह्यले?"

काका मात्र भिंतीसमोर उभे राहून विचारत होते, "हा मी?"

"मंग कोण?" काकू म्हणाली. "कुबड दिसंना का?"

"मला कुबड हाय?"

पुढचे आठ दिवस मी जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. माणसं यायची, भिंतीवर स्वतःला शोधायची आणि कुणालाच आपण सापडायचो नाही. शेजाऱ्याला विचारावं लागायचं, "यात मी कुठला?" आणि शेजारी लांबूनच बोट दाखवायचा. सून सासूला दाखवायची. विहारातली बाई देवळातल्या बाईला दाखवायची. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन सख्खे भाऊ होते, थोरल्यानं धाकट्याची पाठ बघितली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "बराबर बापासारखी." रोलिंग मिलवाल्याच्या मानेवर भट्टीच्या ठिणग्यांचे बारीक डाग होते. त्याला ते माहीतच नव्हते. त्याच्या बायकोनं मला त्यांची जागा एकेक करून सांगितली. त्याला या वेळी गोरा काढा असं म्हणावंसं वाटलं नाही.

मी हे सगळं फळीवरून बघत होते आणि मला वाटत होतं, अरे, हे तर मी रोजच बघते. विहारात वंदनेला बसलं की पुढच्या बाईची पाठ दिसते. देवळाच्या रांगेत तेच, नळाच्या रांगेतही तेच. हात जोडलेल्या माणसाची पाठच आपल्याला दिसते, चेहरा तो ज्याच्यापुढं उभा आहे त्याला. इतकी वर्षं मी वंदना म्हणत आले, पण भोवतीच्या माणसांपुढं अशी मनापासून वाकले नव्हते. आता त्या आपल्याच वस्तीपुढं हात आपोआप जुळायचे आणि रंगाचा ब्रश हातातच राहायचा.

सगळी वस्ती भिंतीच्या मध्याकडं चालली होती. विहाराकडून येणारेही तिकडंच आणि देवळाकडून येणारेही तिकडंच. मधे मी दोन हात जागा पांढरी सोडली. लोक विचारायचे, "तिथं काय काढणार?" मी म्हणायचे, "काही नाही." विहाराच्या मंडळींनी माना डोलावल्या. देवळाच्या पुजाऱ्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "आमचा देवबी साधा धोंडाच हाय म्हणा." एवढ्यावर मिटलं.

मृग लागायच्या आधी भिंत पुरी करायची होती. मालकाच्या चित्रात मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. मावशी रोज यायची, चार पावलांवर उभी राहायची. पण आता ती मान आधीपेक्षा जास्त फिरवायची. कोपर बघितलं की काठी दिसेना, काठी सापडली की फेटा हरवायचा. एका सकाळी ती आली आणि खूप वेळ नुसती डोकं हलवत राहिली. मला कळलं. तिलाही कळलं. तीच म्हणाली, "घोंगड्याचा काळा तेवढा दिसतोय. बास झालं. बघून झालं माझं."

मालकाच्या बाजूला मी मुद्दाम एक जागा राखून ठेवली होती. मला ती तिथं काढायची होती, खांद्याला खांदा लावून. चाळीस वर्षांचा हिशेब भिंतीवर तरी चुकता करायचा असं मी मनाशी धरलं होतं. मी म्हणाले, "मावशी, आता तुम्हाला काढते. त्यांच्या शेजारी. मागं नाही हं, मी ऐकणार नाही."

"शेजारी नको."

माझं डोकं पुन्हा सणकलं. "म्हणजे मागंच? अजून?"

"मागं राहून करू काय आता?" ती म्हणाली. "दिसतंय कुठं मला? म्होरं काढ."

"पुढं?"

"त्यांच्या म्होरं. चाळीस साल म्या बघितलं. माझं बघणं सरलं. आता त्यांनी बघत यावं."

मग माझ्या लक्षात आलं की तिची पाठ मी कधी नीट पाहिलेलीच नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही. मी म्हणाले, "मावशी, चालून दाखवा. मी मागनं येते."

ती भिंतीच्या कडेनं निघाली. पहिली तीन-चार पावलं चाचपडली, पुढं कुणी नाही याची तिला सवयच नव्हती. एकदा हात पुढं करून हवेत काही शोधलं. मग पदर सारखा केला, पाठ सरळ केली आणि रस्त्याच्या मधोमध चालायला लागली. मागून एक रिक्षा आली, तिला मी हातानं थांबवलं. मावशीच्या डाव्या खांद्यावर लुगड्याला जुनी शिवण होती. मान बारीक, कोकराची असावी तशी. टाचा मात्र रुंद, इतकं चाललेल्या. मी वही उघडली आणि चार पावलं मागं राहून चालू लागले.

"बघून राह्यलीस ना?" तिनं न वळता विचारलं.

"बघतेय मावशी," मी म्हणाले. "तुम्ही चला."